लहान की चपळ? प्रोग्राम आक्रसवण्याचा खरा हिशेब

साठ मेगाबाइटचा प्रोग्राम एका आज्ञेसरशी वीस मेगाबाइटचा होतो. तो पूर्वीसारखाच चालतो, वापरणाऱ्याला वरवर काही फरक जाणवत नाही आणि डिस्कवरील दोन-तृतीयांश जागा मोकळी होते. सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील बहुतेक गटांपुढे हा प्रस्ताव कधी ना कधी येतो आणि प्रथमदर्शनी त्याला नकार देण्याचे कारण सापडत नाही.

परंतु ही बचत फुकटची नसते. जागेत जे वाचते त्याचे मोल वेळेत आणि मेमरीत चुकते करावे लागते. अडचण अशी की बचत एका ठिकाणी दिसते आणि खर्च दुसऱ्याच ठिकाणी पडतो. फाइलचा आकार सर्वांना दिसतो. प्रोग्राम सुरू होताना वाया गेलेला पाव सेकंद कोणाच्याही अहवालात नोंदवला जात नाही. तो पाव सेकंद मात्र प्रोग्राम जितक्यांदा सुरू होईल तितक्यांदा, प्रत्येक यंत्रावर, नव्याने मोजावा लागतो. हा सौदा कधी फायद्याचा ठरतो आणि कधी अंगावर येतो, हे ठरवण्याचा एक साधा हिशेब आहे.

घडी कशी घातली जाते

छायाचित्र किंवा गाणे लहान करताना थोडा तपशील गाळला तरी डोळ्यांना वा कानांना ते कळत नाही. प्रोग्रामच्या बाबतीत ही मुभा नाही. एक बिट बदलला तरी प्रोसेसरला दिलेली सूचना वेगळी होते. त्यामुळे प्रोग्रामचे संकोचन, म्हणजेच कॉम्प्रेशन, असे हवे की उलगडल्यावर मूळ फाइल बिटागणिक जशीच्या तशी हाती यावी.

अशा संकोचनामागे प्रामुख्याने दोन कल्पना आहेत. पहिली पुनरुक्ती ओळखण्याची. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा लिहिला जात नाही. ‘इतके बाइट मागे जा आणि तेथून इतके बाइट उचल’ एवढीच खूण ठेवली जाते. दुसरी कल्पना डेव्हिड हफमन यांची, १९५२ सालची. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत दिले की एकूण लांबी घटते. झिप आणि जीझिप या सर्वपरिचित प्रकारांमागील डिफ्लेट ही पद्धत या दोहोंच्या संयोगातून बनली आहे.

या कुटुंबातील पद्धतींमध्ये एक उपयुक्त विषमता असते. घडी घालताना आधीचा मजकूर धुंडाळून जुळणारे तुकडे शोधावे लागतात आणि ते काम कष्टाचे असते. घडी उलगडताना मात्र शोधण्यासारखे काही उरत नाही. खुणेनुसार बाइट उचलून ठेवायचे एवढेच. म्हणून घडी घालण्यास मिनिटे लागली तरी ती उलगडण्यास क्षण पुरतात.

प्रोग्रामच्या फाइलवर हे करताना आणखी एक पायरी लागते. प्रोसेसर घडी घातलेल्या सूचना वाचू शकत नाही. त्यामुळे पॅकर नावाचे साधन संकोचित मजकुराला उलगडण्याचा एक छोटा प्रोग्राम जोडून देते. फाइल सुरू केली की आधी हा छोटा प्रोग्राम चालतो, मूळ प्रोग्राम मेमरीत उलगडतो, पत्ते जुळवतो आणि मग मूळ प्रोग्रामच्या हाती सूत्रे सोपवतो. गादीची वळकटी करून नेली तर गाडीत जागा वाचते, पण मुक्कामी पोहोचल्यावर ती उलगडल्यावाचून पाठ टेकता येत नाही, तसेच हे.

फ्लॉपीच्या काळातील दुहेरी लाभ

वैयक्तिक संगणकांवर ही कल्पना लोकप्रिय झाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी १९८९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, एलझेडएक्सई हे साधन लिहिले. पुढे एफएफएमपेग आणि क्यूईएमयू या प्रकल्पांमुळे ख्यातनाम झालेले बेलार ते हेच. पाठोपाठ पीकेवेअर कंपनीचे पीकेलाइट आले. १९९० च्या दशकात मार्कुस ओबरहुमर आणि लास्लो मोलनार यांनी यूपीएक्स तयार केले आणि ते साधन आजही वापरात आहे.

त्या काळी या साधनांनी दुहेरी लाभ दिला. एका फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मावत असताना प्रोग्राम निम्मा होणे ही मोठी गोष्ट होती. शिवाय फ्लॉपीवरून सेकंदाला जेमतेम काही दशक किलोबाइट वाचले जात. निम्मे वाचावे लागले की निम्मा वेळ वाचे आणि त्या तुलनेत उलगडण्यास लागणारा वेळ नगण्य असे. फाइल लहानही होई आणि लवकरही सुरू होई.

संकोचन केल्याने वेग वाढतो, ही समजूत त्या अनुभवातून रुजली. त्या काळापुरती ती खरी होती. पुढे डिस्कचा वेग हजारो पटींनी वाढला, प्रोसेसरच्या एका गाभ्याची उलगडण्याची क्षमता त्या प्रमाणात वाढली नाही, आणि सौद्याची बाजू पालटली.

साधे गणित

संकोचित प्रोग्राम सुरू होण्याचा वेळ म्हणजे लहान फाइल वाचण्याचा वेळ अधिक ती उलगडण्याचा वेळ. मूळ प्रोग्रामच्या बाबतीत केवळ मोठी फाइल वाचण्याचा वेळ. यातून एक सोपा नियम निघतो. फाइल एक-तृतीयांश होत असेल तर उलगडण्याचा वेग डिस्कच्या वेगाच्या किमान दीडपट हवा. फाइल निम्मी होत असेल तर दुप्पट हवा. त्याहून कमी असेल तर संकोचनाने प्रोग्राम मंदावतो.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहता येईल. आधुनिक प्रोसेसरच्या एका गाभ्यावर डिफ्लेट पद्धत सेकंदाला साधारण ४०० मेगाबाइट उलगडते. यान कोले यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली एलझेड४ ही पद्धत सुमारे ४,००० मेगाबाइट उलगडते, कारण तिने हफमनची पायरी गाळून केवळ बाइट उचलण्यावर भर दिला आहे. त्याबदली तिची घडी सैल असते. सेव्हन-झिपचे कर्ते इगोर पावलोव यांची एलझेडएमए याच्या उलट टोकाला आहे. प्रत्येक बिट शून्य असण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधत ती पुढे सरकते. घडी घट्ट बसते, पण उलगडण्याचा वेग बहुधा सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास किंवा त्याखाली राहतो.

उदाहरणादाखल ६० मेगाबाइटचा प्रोग्राम डिफ्लेटने २०, एलझेड४ने ३० आणि एलझेडएमएने १६ मेगाबाइट होतो असे मानू, आणि एलझेडएमएचा वेग ८० धरू.

सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मूळ प्रोग्रामला ६०० मिलिसेकंद लागतात. डिफ्लेटला २०० अधिक १५०, म्हणजे ३५०. एलझेड४ला ३०० अधिक १५, म्हणजे ३१५. एलझेडएमएला १६० अधिक ७५०, म्हणजे ९१०. सर्वांत लहान फाइल सर्वांत मंद ठरली आणि दीडपट मोठी असूनही एलझेड४ने डिफ्लेटला मागे टाकले.

सेकंदाला ५०० मेगाबाइट वाचणाऱ्या साटा एसएसडीवर मूळ प्रोग्रामला १२० मिलिसेकंद पुरतात. डिफ्लेटला १९० लागतात, म्हणजे तोटा. एलझेड४ला ७५ लागतात, म्हणजे अजूनही फायदा.

सेकंदाला ३,००० मेगाबाइट वाचणाऱ्या एनव्हीएमई डिस्कवर मूळ प्रोग्राम २० मिलिसेकंदांत हजर होतो. एलझेड४ला २५, डिफ्लेटला १५७ आणि एलझेडएमएला ७५५ मिलिसेकंद लागतात. येथे कोणतेच संकोचन वेळ वाचवत नाही.

हाच प्रोग्राम सेकंदाला २ मेगाबाइट देणाऱ्या इंटरनेट जोडणीवरून उतरवायचा असेल तर चित्र पुन्हा फिरते. मूळ फाइलला ३० सेकंद, एलझेड४ला १५, डिफ्लेटला सुमारे १० आणि एलझेडएमएला पावणेनऊ सेकंद लागतात. डिस्कवर सर्वांत मागे पडलेली पद्धत मंद जोडणीवर पहिली येते.

चारही ठिकाणी प्रोग्राम तोच आणि पद्धतीही त्याच. बदलला तो फक्त वाटेचा वेग. कोणती पद्धत उत्तम, या प्रश्नाला सुटे उत्तर नाही. वाट जितकी अरुंद, तितकी घट्ट घडी परवडते.

या हिशेबात एक गोष्ट अजून आलेली नाही. प्रोग्राम एकदा वाचला की कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम, त्याची प्रत मोकळ्या मेमरीत राखून ठेवते. दुसऱ्यांदा सुरू करताना बहुधा डिस्ककडे जावेच लागत नाही. मूळ प्रोग्रामचा वाचनखर्च दुसऱ्या वेळी जवळजवळ शून्य होतो. संकोचित प्रोग्राम मात्र दर वेळी नव्याने उलगडावा लागतो. दिवसातून एकदा उघडून संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या प्रोग्रामला त्याची झळ लागत नाही. एखादे आज्ञासाधन स्क्रिप्टमधून मिनिटाला शंभरदा बोलावले जात असेल तर १५० मिलिसेकंदांचे पंधरा सेकंद होतात.

मेमरीतील न दिसणारा खर्च

वेळेहूनही अधिक दुर्लक्षिला जाणारा खर्च मेमरीचा आहे. आधुनिक कार्यप्रणाली प्रोग्राम सुरू करताना तो सबंध वाचत नाही. फाइलची पाने, सामान्यतः ४,०९६ बाइटांची, गरज पडेल तशी आणली जातात. मोठ्या प्रोग्रामच्या कितीतरी सुविधा एका बैठकीत वापरल्याच जात नाहीत. त्यांची पाने मेमरीत येतही नाहीत. त्यामुळे वरील गणितातील मूळ प्रोग्रामचे आकडेही प्रत्यक्षात याहून कमी निघतात.

दुसरी सोय वाटून घेण्याची. एकच प्रोग्राम दहा वेळा चालू असेल तर त्याच्या सूचनांची एकच प्रत मेमरीत असते आणि दहाही प्रक्रिया ती वापरतात. तिसरी सोय टाकून देण्याची. मेमरीची चणचण भासली की कार्यप्रणाली ही पाने निर्धास्तपणे सोडून देते, कारण हवी तेव्हा ती फाइलमधून पुन्हा आणता येतात.

पॅकर वापरला की तिन्ही सोयी जातात. सबंध प्रोग्राम आरंभीच उलगडावा लागतो. उलगडलेली पाने त्या एका प्रक्रियेची खासगी मालमत्ता ठरतात. डिस्कवरील कोणत्याही फाइलशी त्यांचे साम्य नसल्याने ती सोडून देता येत नाहीत. फार तर स्वॅपमध्ये लिहून ठेवावी लागतात. साठ मेगाबाइटच्या प्रोग्रामच्या दहा प्रक्रिया एरवी सूचनांसाठी जास्तीत जास्त ६० मेगाबाइट व्यापतात. पॅकरनंतर त्या ६०० मेगाबाइट व्यापू शकतात. डिस्कवर ४० मेगाबाइट वाचवून मेमरीत ५४० मेगाबाइट गमावण्याचा हा प्रकार. मोठ्या प्रोग्रामांच्या अनेक प्रती चालवल्यास सामाईक भाग वाटून घेतला जात नाही, हा तोटा यूपीएक्सच्या कर्त्यांनी स्वतःच आपल्या साधनाच्या माहितीत नमूद केला आहे.

उलगडण्याचे काम खालच्या मजल्यावर

यावर एक शहाणा उपाय म्हणजे उलगडण्याचे काम प्रोग्रामकडे न ठेवता फाइल व्यवस्थेकडे सोपवणे. फाइल डिस्कवर लहान लहान तुकड्यांत संकोचित राहते. एखादे पान हवे झाले की तो तुकडाच उलगडला जातो. वरच्या थराला ही नेहमीची फाइल वाटते, त्यामुळे गरजेपुरते आणणे, वाटून घेणे आणि टाकून देणे या तिन्ही सोयी शाबूत राहतात.

विंडोज १० मध्ये कॉम्पॅक्ट या आज्ञेतून प्रोग्रामच्या फाइलींसाठी हीच सोय मिळते आणि तेथे चार पर्याय आहेत: एक्सप्रेस४के, एक्सप्रेस८के, एक्सप्रेस१६के आणि एलझेडएक्स. पहिला सर्वांत वेगवान आणि न सांगता लागू होणारा. शेवटचा सर्वांत घट्ट. नावांतील आकडे तुकड्यांचा आकार सांगतात आणि खरी तडजोड तेथेच आहे. तुकडा मोठा असेल तर पुनरुक्ती अधिक सापडते आणि घडी घट्ट बसते. पण त्यातील एक पान हवे असले तरी सबंध तुकडा उलगडावा लागतो. हा प्रकार वारंवार वाचल्या जाणाऱ्या परंतु क्वचितच बदलणाऱ्या फाइलींसाठी आहे. अशा फाइलीत काही लिहिले की ती पुन्हा मूळ आकारात जाते.

लिनक्समध्ये स्क्वॉशएफएस ही फाइल व्यवस्था असेच काम करते. उबंटूच्या स्नॅप पॅकेजांची रचना तिच्यावर आधारित आहे. ही पॅकेजे एक्सझेड या घट्ट पद्धतीने बांधली जात तेव्हा ब्राउझरसारखे मोठे प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना रेंगाळतात, अशी तक्रार होती. एक्सझेड ही एलझेडएमएचीच पुढील आवृत्ती. कॅनॉनिकल कंपनीने २०२० मध्ये क्रोमियम ब्राउझरसाठी एलझेडओ ही सैल पण वेगवान पद्धत स्वीकारली. पॅकेज बरेच मोठे झाले आणि उघडण्याचा वेळ लक्षणीय घटला.

दोन टोकाचे निर्णय

आर्च लिनक्सने घेतलेला निर्णय या विषयातील सर्वांत बोलका नमुना म्हणावा लागेल. २०१९ च्या अखेरीस या प्रकल्पाने आपली पॅकेजे एक्सझेडऐवजी झेडस्टँडर्डने बांधण्यास आरंभ केला. झेडस्टँडर्ड ही पद्धतही यान कोले यांचीच; ती फेसबुकमध्ये विकसित होऊन २०१६ मध्ये खुली झाली. जानेवारी २०२० मध्ये प्रकल्पाने परिणाम जाहीर केला: सर्व पॅकेजांचा एकत्रित आकार सुमारे ०.८ टक्के वाढला आणि उलगडण्याचा वेग सुमारे १,३०० टक्क्यांनी वाढला. घट्ट घडीच्या शेवटच्या टक्क्यासाठी आजवर किती वेळ खर्ची पडत होता, हे या दोन आकड्यांवरून उमगते. लिनक्सच्या गाभ्याचीही हीच कथा. तो स्वतः संकोचित स्वरूपात साठवला जातो आणि संगणक सुरू होताना उलगडतो. जीझिप, एक्सझेड, एलझेड४, झेडस्टँडर्ड असे अनेक पर्याय त्यात उपलब्ध आहेत, उबंटूने १९.१० या आवृत्तीत आकाराची वाढ पत्करून एलझेड४ निवडले, कारण संगणक लवकर सुरू व्हावा ही अपेक्षा होती.

दुसरे टोक डेमोसीनचे. युरोपात बहरलेल्या या कलाप्रकारात प्रोग्रामला आकाराची कडक मर्यादा घालून त्यातून संगीत आणि दृश्ये साकारली जातात. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये त्याला आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. २००४ मध्ये आलेला ‘.क्रीगर’ हा त्रिमिती खेळ ९७,२८० बाइटांत मावतो. २००९ मधील ‘एलिव्हेटेड’ या कलाकृतीत डोंगरदऱ्यांचे चलत्‌दृश्य आणि संगीत केवळ ४,०९६ बाइटांत बसवले आहे.

अशा कामासाठी रून स्टुबे आणि आस्के सिमोन क्रिस्टेन्सेन यांनी क्रिंकलर हे साधन लिहिले. त्यातील पद्धत अनेक भाकिते एकत्र करून पुढील बिटाचा अंदाज बांधते. येथे सुरुवातीला सांगितलेली विषमता नाहीशी होते: घडी घालताना जितका विचार करावा लागतो तितकाच ती उलगडतानाही करावा लागतो. अवघे चार किलोबाइट उलगडण्यास जाणवण्याइतका वेळ लागू शकतो. प्रेक्षक तो आनंदाने देतात, कारण तेथे स्पर्धाच बाइटांची असते. हीच पद्धत शंभर मेगाबाइटच्या व्यावसायिक प्रोग्रामला लावणे मात्र अविचाराचे ठरेल.

स्वस्तात मिळणारी बचत

वेळ फारसा न दवडता घडी घट्ट करण्याचीही एक युक्ती आहे. प्रोग्राममध्ये एकच उपकार्य शेकडो ठिकाणांहून बोलावले जाते. एक्स८६ प्रोसेसरवर अशा सूचनेत गंतव्याचा थेट पत्ता नसतो. ‘येथून किती अंतरावर’ एवढेच लिहिलेले असते. समजा उपकार्य ५०,००० या पत्त्यावर आहे. १०,००० वरून बोलावताना सूचनेत ४०,००० लिहिले जाते आणि १२,५०० वरून बोलावताना ३७,५००. हेतू एकच असला तरी बाइट वेगळे, म्हणून पुनरुक्ती शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

संकोचनापूर्वी ही सर्व अंतरे थेट पत्त्यांत बदलून घेतली की दोन्ही ठिकाणी ५०,००० हाच आकडा दिसू लागतो आणि पुनरुक्ती उघड होते. उलगडल्यावर एका वजाबाकीने मूळ अंतर परत मिळते. सेव्हन-झिप, एक्सझेड आणि यूपीएक्स या सर्वांत अशी गाळणी असते. फाइलच्या स्वभावाची थोडी ओळख अधिक बलवान अल्गोरिदमइतकीच कामी येते, हे यातून दिसते.

त्याहूनही स्वस्त मार्ग म्हणजे अनावश्यक ते मुळात न ठेवणे. डीबगिंगची माहिती स्ट्रिप करून वेगळी काढणे, न वापरलेली उपकार्ये लिंकरकडून वगळणे, कंपायलरला वेगाऐवजी आकाराला झुकते माप देण्यास सांगणे, या उपायांना उलगडण्याचा खर्च नसतो. लहान सूचनासंच प्रोसेसरच्या कॅशमध्ये अधिक चांगला बसतो, त्यामुळे काही वेळा त्यातून वेगही मिळतो. वळकटी करण्यापूर्वी नको ते कपडे बाहेर काढावेत, हे प्रवाशाला सांगावे लागत नाही.

घडीवर घडी

आज प्रोग्राम क्वचितच उघड्यावर प्रवास करतो. कंटेनर प्रतिमांचे थर बहुधा जीझिपने संकोचित होऊनच रजिस्ट्रीतून उतरतात. आत ठेवलेला प्रोग्राम आधीच पॅक केलेला असेल तर जीझिपला दाबण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे वाहतुकीतील बचत अल्प आणि चालवतानाचा खर्च पुरा. गो भाषेतील मोठे प्रोग्राम यूपीएक्सने लहान करून कंटेनरमध्ये ठेवण्याची प्रथा या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे; विशेषतः जेथे कंटेनर मागणीनुसार वारंवार उभे राहतात आणि पहिल्या प्रतिसादाचा वेळ ग्राहकाला जाणवतो तेथे.

अँड्रॉइडने हा धडा आपल्या रचनेत उतरवला आहे. पूर्वी ॲपमधील मशीन भाषेतील लायब्ररी संकोचित स्वरूपात येत आणि स्थापनेच्या वेळी त्यांची उलगडलेली दुसरी प्रत फोनवर ठेवली जाई. अँड्रॉइड ६.० पासून त्या न दाबता, पानांच्या सीमांवर नीट जुळवून ठेवता येतात आणि थेट मूळ पॅकेजमधूनच वापरता येतात. २०२० मध्ये आलेल्या बांधणी साधनांच्या ३.६ या आवृत्तीपासून हीच नेहमीची रीत झाली. पॅकेज कागदोपत्री मोठे दिसते; पण दुसरी प्रत टळते, आणि प्ले स्टोअर वाहतुकीत स्वतः संकोचन करत असल्याने उतरवण्याचा भारही वाढत नाही. अद्ययावत करतानाही लाभ होतो. न दाबलेल्या फाइलीतील लहान बदल लहानच राहतो आणि फक्त फरक पाठवता येतो. दाबलेल्या फाइलीत मात्र एका बदलाने पुढील सर्व बाइट बदलू शकतात.

संशयाचीही किंमत मोजावी लागते. घातक प्रोग्राम आपले खरे रूप लपवण्यासाठी पॅकरचा आश्रय घेतात. परिणामी पॅक केलेला निरुपद्रवी प्रोग्रामही अँटीव्हायरसच्या डोळ्यांवर येतो. शिवाय मेमरीत लिहिलेले नंतर सूचना म्हणून चालवणे हीच पॅकरची रीत असल्याने, सुरक्षेसाठी त्यावर निर्बंध घालणाऱ्या कार्यप्रणालींशी तिचे पटत नाही. बँका आणि रुग्णालयांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांसाठी अशी एक खोटी धोक्याची सूचना वाचवलेल्या मेगाबाइटांपेक्षा कितीतरी महाग पडते.

निर्णयाचा क्रम

या साऱ्यातून निर्णयासाठी काही प्रश्न हाती येतात. प्रतीक्षा नेमकी कोठे होते: जाळ्यावर, डिस्कवर की प्रोसेसरवर? जाळ्यावर होत असेल तर संकोचन वाहतुकीपुरते ठेवावे आणि पोहोचल्यावर एकदाच उलगडावे. घडी किती वेळा घातली जाणार आणि किती वेळा उलगडली जाणार? बांधणी एकदा आणि वापर लाखो वेळा असेल तर घडी घालताना हवा तितका वेळ द्यावा, पण उलगडण्यास जलद अशीच पद्धत निवडावी. एकाच यंत्रावर किती प्रती चालतात? अनेक चालत असतील तर पॅकर टाळून फाइल व्यवस्थेचे संकोचन पाहावे. वरच्या थरात कोणी आधीच संकोचन करत आहे काय? करत असेल तर आतील घडी सोडून द्यावी.

याउलट फ्लॅश मेमरी मोजकी असलेले राउटर, मर्यादित जागेत बसवायचे फर्मवेअर, बदलता न येणाऱ्या जुन्या यंत्रांवरील प्रोग्राम, अशा ठिकाणी घट्ट संकोचन आजही योग्य ठरते. तेथे जागाच खरोखर दुर्मीळ असते आणि सुरू होताना गेलेला अर्धा सेकंद कोणाला खटकत नाही.

निर्णय कोणताही घ्यावा, मोजमाप मात्र दोन्ही बाजूंचे हवे. फाइलचा आकार नोंदवताना त्याच ओळीत थंड सुरुवातीचा वेळ, पुन्हा सुरू करण्याचा वेळ आणि दहा प्रती चालवल्यावर व्यापलेली मेमरी हे तीन आकडेही लिहावेत. चारही आकडे शेजारी शेजारी मांडले की चर्चा बहुधा लांबत नाही.